कशाला पाहिजे?

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर काय काय येतं ते आधी सांगतो. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, माझ्या दुकानाचं बिलबुक, आणि सगळ्यात शेवटी दादा कपाटातून त्याची बारा बोअरची डबल बॅरल आणतो आणि आडवी ठेवतो, नळी भिंतीकडं करून. पूजा होईपर्यंत मग तो तिथून हलत नाही. लेकरं आपट्याची पानं घेऊन इकडून तिकडं पळत असतात, बायका ओवाळत असतात, आणि दादा पाटाशेजारी मांडी घालून बसलेला, ड्यूटीवर असल्यासारखा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाला, आता लातूरला एका बँकेत गार्ड आहे. आमच्या भागात रिटायर फौजीचं हे ठरलेलंच असतंय, पेन्शन सुरू झाली की लायसनसाठी कलेक्टर ऑफिसच्या चकरा, मग बंदूक, मग बँक नाहीतर एटीएमची कॅश गाडी, कारण स्वतःची लायसनवाली बंदूक असली की गार्डची नोकरी लवकर मिळते. म्हणजे आमच्या घरातली बंदूक पोटासाठी आलेली आहे, आणि फौजीनं तळावर स्वतःचं हत्यार जवळ बाळगावं का, यावर खाली मी जे लिहिणार आहे ते बंदुकीचा तिटकारा असलेल्या माणसाचं म्हणणं नाही, एवढं आधी लक्षात घ्या. मी स्वतः गावाच्या फाट्यावर कृषी सेवा केंद्र चालवतो, बी-बियाणं, खत, औषधं. माझा संबंध बंदुकीशी नाही पण विषाशी रोजचा आहे. त्यावर येतो.

तर मागच्या, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याची गोष्ट. सप्टेंबरातल्या पावसानं आमच्याकडं सोयाबीन उभ्याचं उभं पाण्यात गेलं होतं, बांध फुटले, माझी सगळी उधारी अडकली, सणाला कुणाच्याच तोंडावर रया नव्हती. सकाळी दादा ओसरीत बसून फुलथ्रूच्या दोरीला चिंदी लावून नळी साफ करत होता आणि त्याचा पोरगा, माझा पुतण्या, समोर बसून बघत होता. पोरगा १९ वर्षांचा, भरतीच्या मागं लागलाय, पहाटे साडेचारला उठून रोडवर पळतो, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचंय त्याला. आणि दिवसभर मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांच्या फौजांचे व्हिडिओ. तो एकदम म्हणाला, "पप्पा, अमेरिकेत फौजीला कॅम्पमध्ये स्वतःचं पिस्तूल जवळ बाळगता येत नाही, माहितेय का?"

दादा नळीतून डोळा न काढता म्हणाला, "मग? आपल्याकडं येतंय व्हय?"

"आपल्याकडचं सोडा. तिथं गेटच्या बाहेर दुकानात, हॉटेलात कुणीबी पिस्तूल लावून फिरतंय. आणि ज्याला सरकारनं चालवायला शिकवलं त्यालाच गेटवर म्हणायचं, काढून ठेव. हे काय लॉजिक आहे?"

मी आपलं नारळ सोलत होतो. पोराचं म्हणणं मला त्या घडीला पटलं, खोटं कशाला सांगू. आणि तो नुसता बोलत नव्हता, सगळं तोंडपाठ होतं त्याला. त्यानं जे सांगितलं ते मी नंतर रात्री बसून नीट वाचून काढलं, बरंचसं बरोबर निघालं.

टेक्सासमध्ये फोर्ट हूड म्हणून एक तळ आहे, तळ कसला, दोन लाख एकराच्या वर जमीन आहे, आमचा एक अख्खा तालुका मावावा असं सगळं, आत घरं, शाळा, दुकानं. तिथं ५ नोव्हेंबर २००९ ला लष्कराच्याच एका मेजरनं, जो पेशानं मनोविकारतज्ज्ञ होता, म्हणजे ज्याच्याकडं बाकीचे आपलं दुःख सांगायला जायचे त्यानं, परदेशी निघालेल्या आणि परत आलेल्या सैनिकांची तपासणी चालते त्या इमारतीत गोळीबार केला. १३ माणसं गेली, ३० च्या वर जखमी. आत बसलेल्यांत बहुतेक सगळे ट्रेन झालेले, काहीजण इराक-अफगाणिस्तान करून आलेले, आणि हातात काही नाही. एकजण खुर्ची उचलून त्याच्या अंगावर धावला, तो गेला. एक कॅप्टन मोकळ्या हातानं धावला, तोही गेला. शेवटी तळावरच्या पोलिसांनी येऊन त्या मेजरला पाडलं.

"खुर्ची घेऊन पळावं लागलं पप्पा त्याला," पोरगा म्हणाला. "खुर्ची." हे बोलताना त्याचा आवाज बसला होता थोडा. तो स्वतःला त्या खोलीत बघत होता, मला दिसत होतं ते.

पुढं त्यानं अमेरिकेतल्याच चॅटनूगा शहराचं सांगितलं, १६ जुलै २०१५. तिथं एकानं आधी भरतीच्या ऑफिसवर आणि मग राखीव दलाच्या केंद्रावर गोळ्या झाडल्या, चार मरीन आणि एक नौसैनिक गेले, आणि तिथल्या एका नौदल अधिकाऱ्याकडं स्वतःचं पिस्तूल होतं, नियमात बसत नसताना, त्यानं उलट गोळ्या झाडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पेन्साकोलाला नौदलाच्या तळावर ट्रेनिंगला आलेल्या सौदी अधिकाऱ्यानं तिघांना मारलं. पोराचा मुद्दा एकच. मारणारा नियम पाळत नाही, मरणारा पाळतो. मग नियम कुणासाठी?

याला पटकन उत्तर नाही. ज्याला आहे असं वाटतं त्यानं त्या खुर्ची घेऊन धावलेल्या माणसाच्या घरच्यांना जाऊन ते सांगून बघावं.

एक बारीक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ही चूक सगळीकडं फिरते. बरेच लोक म्हणतात की क्लिंटननं येऊन तळावरच्या बंदुका काढून घेतल्या. ज्या आदेशाबद्दल हे बोललं जातं तो फेब्रुवारी १९९२ चा आहे, क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाला १९९३ च्या जानेवारीत. त्या आदेशाच्या वेळी थोरले बुश होते. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नवा आदेश निघाला त्यात तळाच्या कमांडरला अधिकार दिला की एखाद्यानं अर्ज केला तर त्याला स्वतःचं हत्यार बाळगायची परवानगी देता येईल. म्हणजे दार अगदी बंद नव्हतं, पण दारात एक माणूस उभा होता, ज्याला विचारायला लागायचं. हे दारातल्या माणसाचं लक्षात ठेवा, मला सगळं त्याच्याबद्दलच बोलायचंय.

दादानं सगळं ऐकून घेतलं. बंदूक पुसून झाली, तेलाचा हात धोतराला पुसला (वहिनी ओरडल्या) आणि म्हणाला, "त्या खोलीत वीस जणांकडं वीस पिस्तुलं असती तर पोलिसांनी आल्यावर कुणाला मारलं असतं? सगळे एकाच वर्दीत. मारणारा बी वर्दीत."

पोरगा म्हणाला, "तवर मारणारा मेला असता."

"असता का माहीत नाही. मी चोवीस वर्षांत लई जणांना गोळी चालवताना बघितलंय, फायरिंग रेंजवरचा माणूस आणि खरी गोळी सुटल्यावरचा माणूस एकच नसतो. पण ते जाऊ दे. तू मला सांग, तुझ्या त्या फोर्टात एवढ्या वर्षांत असं किती वेळा झालं? आणि तिथं रोज रात्री किती पोरं आपापल्या खोलीत एकटी झोपतात?"

आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली जी मी आधी कधी ऐकली नव्हती, वहिनींनीही नाही.

दादा तेव्हा एका पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत, कोत एनसीओ होता, कोत सांभाळणारा. कोत म्हणजे पलटणीचा हत्यारखाना, जिथं सगळ्यांच्या रायफली रॅकला लावून साखळीत असतात, प्रत्येकीचा बट नंबर, प्रत्येकीसाठी रजिस्टरात ओळ, घेताना सही, ठेवताना सही. फिल्ड एरियात गोष्ट वेगळी, तिथं रायफल माणसापासून दूर होत नाही, झोपताना साखळीनं कमरेला बांधून झोपतात, पण शेजारी बडी असतो, संतरी असतो, रोज मोजणी असते. पीस स्टेशनला हत्यार कोतमध्ये, माणूस बॅरेकमध्ये. घरून आणलेली लायसनची बंदूक असली तरी ती पण कोतमध्येच जमा.

एका रात्री अकराच्या पुढं नांदेडकडचा एक जवान कोतपाशी आला. बावीस-तेवीसचं पोरगं. म्हणाला, "उस्ताद, माझी रायफल द्या, साफ करायची राहिलीय." दादानं रजिस्टर बघितलं, संध्याकाळी साफ करून जमा केल्याची त्याचीच सही. मग दादानं त्याच्याकडं बघितलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला. एक त्याची, एक दुसऱ्या कुणाची.

दादा म्हणाला, "मी काय लई हुशार नाही, मला काय समजलं-बिमजलं नव्हतं. मी फक्त विचारलं, कशाला पाहिजे?"

पोरगं उभंच राहिलं. दादानं परत विचारलं नाही. थोड्या वेळानं ते तिथंच पायरीवर बसलं. घरी बांधावरून भावकीत मारामाऱ्या झालेल्या, म्हातारा बाप दवाखान्यात, छुट्टी मागितली तर युनिटचा युद्धसराव आहे म्हणून नामंजूर, आणि त्या संध्याकाळी बायकोनं फोनवर काहीतरी बोललेलं जे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दादानं थर्मासमधला चहा दिला. दोघं पहाटेपर्यंत बसून होते, बोलले फार थोडं. सकाळी दादा त्याला घेऊन सुभेदार साहेबांकडं गेला, साहेबांनी त्याच दिवशी वीस दिवसांची छुट्टी करून दिली. एवढंच. तो अजून आहे, हदगावकडं केळी लावतो, दर दसऱ्याला दादाला व्हॉइस मेसेज पाठवतो, त्यात नुसतं "उस्ताद, सोनं घ्या सोन्यासारखं राहा" एवढंच असतंय. आम्ही तो मेसेज आत्तापर्यंत कितीतरी वेळा ऐकला असेल आणि आम्हाला वाटायचं हा पलटणीतला कुणी मित्र.

"आता सांग," दादा पोराला म्हणाला, "त्याच्या उशीखाली स्वतःचं पिस्तूल असतं तर मी कुठं होतो?"

पोरगं गप्प. मी पण गप्प, पण माझं गप्प बसणं वेगळ्या कारणानं होतं.

२०१५ चा दुष्काळ आठवतो का? पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. त्याच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात माझा चुलत भाऊ गेला. माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावरचा. लोक नंतर म्हणाले कर्ज होतं, होतं, पण कर्ज सगळ्यांनाच होतं. आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन पोराच्या अ‍ॅडमिशनचं बोलून गेला होता, हसतखेळत. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात काहीतरी शब्दाला शब्द लागला, तो रागानं गोठ्यात गेला, आणि गोठ्याच्या कोनाड्यात मागच्या फवारणीतली उरलेली बाटली होती. ती बाटली मी दिली होती. उधारीवर, माझ्या हातानं बिल फाडून. बिलबुकात ती पावती अजून आहे, मी ते बुक रद्दीत दिलं नाही.

दवाखान्यात नेताना गाडीत तो शुद्धीवर होता आणि त्याला जगायचं होतं. "मला वाचवा" म्हणत होता. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. दहा मिनिटांपूर्वी ज्याला मरायचं होतं त्यालाच आता जगायचं होतं, आणि मधल्या दहा मिनिटांत फक्त एक कोनाडा होता, हात पोचेल एवढ्या उंचीवर.

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागं लागलो, जे हाती लागेल ते वाचलं. श्रीलंकेत १९९५ पासून एकेक करत सगळ्यात जहाल शेतीऔषधांवर बंदी आली. तिथं आत्महत्यांचं प्रमाण तेव्हा जगात वरच्या नंबरला होतं, पुढच्या वीस वर्षांत ते ७० टक्क्यांच्या वर खाली आलं. तिथल्या लोकांची दुःखं काय कमी झाली नव्हती, त्याच काळात तिथं यादवी युद्ध चालू होतं. लोक तेच, राग तोच, दारू तीच, फक्त हाताशी जे होतं ते कमी जहाल झालं, आणि वेळ मिळाला. मग मी दुकानात एक पद्धत पाडली. हंगाम नसताना कुणी एकटा येऊन लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात जहाल औषध मागितलं तर विचारायचं, कोणतं पीक, कोणती अळी, किती एकर. उत्तर सरळ आलं तर देतो. उत्तर अडखळलं तर म्हणतो बसा, चहा घ्या, माल गोडाऊनमध्ये आहे, पोरगा आणायला गेलाय. गोडाऊन-बिडाऊन काही नाही, मागची खोली आहे. दोनदा असं झालंय की चहा पिऊन माणूस औषध न घेता गेला. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. आणि घरोघरी पत्र्याच्या लहान पेट्या दिल्या कुलुपासकट, खरेदीच्या किमतीत, औषध त्यात ठेवा आणि चावी घरातल्या बाईकडं द्या म्हणून. कितीजण तसं करतात देव जाणे.

म्हणून दादाची कोतची गोष्ट ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दादानं पायरीवर बसून जे केलं तेच मी गल्ल्यावर बसून करायला बघत होतो आणि दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं.

आता परत अमेरिकेकडं. त्यांच्या संरक्षण खात्याचाच वार्षिक अहवाल आहे, २०२३ या एका वर्षात तिथल्या तिन्ही प्रकारच्या, म्हणजे कायम, राखीव आणि नॅशनल गार्ड मिळून, ५२३ सैनिकांनी आत्महत्या केली. त्यातल्या बहुतेक बंदुकीनं, आणि ती बंदूक बहुतेक वेळा सरकारी नसते, स्वतःच्या मालकीची असते. फोर्ट हूड, वॉशिंग्टनचं नेव्ही यार्ड जिथं २०१३ मध्ये १२ जण गेले, चॅटनूगा, पेन्साकोला, सगळ्या ठिकाणचे गेलेले एकत्र मोजले तरी या एका वर्षाच्या आकड्याच्या जवळपास पोचत नाहीत. पण त्याचे व्हिडिओ निघत नाहीत. पुतण्याच्या मोबाइलवर ते कधी आले नाहीत. एकटा माणूस रात्री खोलीत मरतो त्याची बातमी कशी होणार, त्याला कोण खुर्ची घेऊन वाचवायला धावणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्याच संरक्षण खात्यानं नेमलेल्या एका समितीनं सांगितलं होतं की तळावरच्या दुकानांत बंदूक विकत घेणाऱ्याला सात दिवस थांबायला लावा. होय, तळावरच्या दुकानांत बंदुका मिळतात, किराणा मिळतो तशा. सात दिवस. मला ती शिफारस वाचताना आमच्या गोडाऊनची आठवण झाली.

आणि इस्रायलचं तर फारच बोलकं आहे. तिथं पोरं-पोरी अठराव्या वर्षी फौजेत जातात आणि शनिवारच्या सुट्टीला रायफल घेऊन घरी यायची, बसमध्ये, हॉटेलात रायफल लटकवलेली असायची. २००६ मध्ये फौजेनं ठरवलं की सुट्टीला जाताना हत्यार तळावर ठेवून जायचं. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि जी घट झाली ती सुट्टीच्या दिवसांतली होती, आठवड्याच्या मधल्या दिवसांत तसा फरक नव्हता. ज्या देशाला चारी बाजूंनी धोका आहे असं त्यांना वाटतं त्यांनी हे केलं. पुतण्याला मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण काका, तिकडं सुट्टीवरच्या पोरावर कुणी हल्ला केला असता तर?" बरोबर आहे त्याचं. असता तर.

आपल्याकडचं पण बघू, नाहीतर दुसऱ्याच्या घरातलं उकरतोय असं होईल. जुलै २०२२ मध्ये संसदेत सरकारनं सांगितलं, मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. आणि कोत म्हणजे काय देवाचं कुलूप नाही. एप्रिल २०२३ मध्ये भटिंड्याला एका रायफलीची चोरी झाली, २८ गोळ्यांसकट, आणि तीन दिवसांनी, १२ तारखेच्या पहाटे, बॅरेकमध्ये झोपलेले चार जवान त्याच रायफलीनं मारले गेले. पोलिसांनी पकडला तो त्याच युनिटमधला जवान, कारण वैयक्तिक दुश्मनी असं सांगितलं. दादाला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "ज्याला ठरवून करायचंय त्याला तीन दिवस मिळाले, तो करतोच. कोत त्याच्यासाठी नाही. कोत त्याच्यासाठी आहे ज्यानं ठरवलेलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

फोर्ट हूडवर २ एप्रिल २०१४ ला दुसऱ्यांदा गोळीबार झाला ना, तिघं गेले आणि मारणाऱ्यानं शेवटी स्वतःलाही संपवलं, त्याच्या थोडं आधी काय झालं होतं? रजेच्या कागदावरून ऑफिसात वाद. रजेचा कागद! आणि पिस्तूल त्याचं स्वतःचं, बाहेरच्या दुकानातून घेतलेलं, तळावर नोंद न केलेलं. मी हे वाचलं तेव्हा मला तो दोन वेगवेगळ्या चपलांचा जवान आठवला. त्याचाही रजेचाच कागद होता. मला असं म्हणायचं नाही की दोघं सारखे, एकानं माणसं मारली, एकानं कुणाचं काही केलं नाही. पण छुट्टी नामंजूर झाल्याची संध्याकाळ जगातल्या कुठल्याही पलटणीत येते, रोज येते, आणि त्या संध्याकाळी माणसाच्या कमरेला काय लटकलंय यावर बरंच ठरतं.

मग खुर्ची घेऊन धावलेल्याचं काय? याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. मला वाटतं ड्यूटीवरच्या हत्यारबंद माणसांची संख्या वाढवा. जिथं गर्दी जमते, दवाखाना, तपासणी, भरती, तिथं नेमून दिलेला, त्या दिवशी फिट असलेला, सही करून हत्यार घेतलेला माणूस उभा करा, एक नाही चार करा. त्याचं हत्यार मोजलेलं असतं, शिफ्ट संपली की परत जातं, आणि बाकीच्यांना आणि येणाऱ्या पोलिसांना माहीत असतं की हत्यार कुणाकडं आहे. पण प्रत्येकाच्या कमरेला त्याचं त्याचं पिस्तूल, जेवताना, रागावताना, दारू पिताना, फोनवर बायकोशी भांडताना, चोवीस तास, आणि मध्ये विचारणारं कुणी नाही, याला माझा विरोध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट स्टुअर्टवर एका सार्जंटनं स्वतःच्या पिस्तुलानं आपल्याच पाच साथीदारांना जखमी केलं, तिथं बाकीच्यांनी मोकळ्या हातांनी झडप घालून त्याला आडवा केला. पाचही जण वाचले. दरवेळी असं होईल असं नाही, हे मला कळतंय. २००९ ला नाही झालं.

आणि आपल्याकडं ही चर्चा लांबची वाटत असेल तर शेजारच्या बीडकडं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथं एका सरपंचाचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल लावून, हवेत गोळ्या झाडून काढलेले रील पोरं अभिमानानं टाकत होती, पोलिसांनी मग गुन्हे दाखल केले, परवाने रद्द करायला घेतले. स्वसंरक्षणासाठी म्हणूनच दिलेले होते ना सगळे? कागदावर प्रत्येकाला धोका होता. हत्यार जवळ असलं की माणूस ते कमरेला ठेवून विसरत नाही, त्याचा हात सारखा तिकडं जातो, फोटोसाठी का होईना. निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, दादासारख्या बँक गार्डला बँकेच्या पत्रावर सूट मिळते, आणि त्या महिना-दीड महिन्यात ज्यांच्या बंदुका जमा असतात त्यातल्या कुणाला कुणी लुटून नेलं असं आमच्या पंचक्रोशीत तरी मी ऐकलं नाही.

पुतण्या मानला का? नाही. तो म्हणतो, तुम्ही दोघं वाईट रात्रीचा विचार करता आणि मी वाईट दिवसाचा करतो. एकोणीस वर्षांच्या पोरानं हे बोलावं, मला तर भारीच वाटलं. त्याला रात्र अजून माहीत नाही, माहीत नसू दे, पण तो जिथं चाललाय तिथं कोतवर दादासारखं कुणीतरी बसलेलं असावं एवढीच माझी इच्छा आहे. दादानं त्याला एवढंच सांगितलं, "भरती झालास की छुट्टीचा अर्ज नामंजूर झाला तर त्या रात्री एकटा झोपू नको. कुणाच्याबी कॉटवर जाऊन बस."

त्या दिवशी पूजा उरकल्यावर पोरानं बंदूक हातात घेऊन फोटो काढू का विचारलं, स्टेटसला ठेवायला. दादा नाही म्हणाला, दुसऱ्यांदा विचारल्यावर नुसतं बघितलं, पोरानं मोबाइल खिशात घातला.

आमच्या घरात बंदूक दादाच्या खोलीत कपाटात असते आणि काडतुसं वहिनींच्या गोदरेजमध्ये, साड्यांच्या मागं, चावी वहिनींच्या कनवटीला. मला वाटायचं ही फौजी शिस्त असेल. परवा मी सकाळी लवकर त्यांच्याकडं चहाला गेलो होतो, दादा बँकेला निघालेला, वर्दी इस्त्रीची, डबा भरलेला. त्यानं वहिनींपुढं हात केला. वहिनी भाकरी थापत होत्या, हाताला पीठ, तरी त्यांनी तव्याकडं बघतच विचारलं, "कशाला पाहिजे?"

"ड्यूटीला चाललोय," दादा म्हणाला.

वहिनींनी मान वर करून त्याच्याकडं एकदा नीट बघितलं, हात धुतला, आणि चावी काढून दिली.